गोळ्यांवरची रमी

पासष्टच्या पुढच्या सगळ्या माणसांच्या दवाखान्याचा, औषधांचा, चष्म्यांचा आणि कवळ्यांचा खर्च सरकार ज्या विम्याच्या निधीतून भरत असे, त्या निधीच्या मुख्य कचेरीत चौथ्या मजल्यावर बावन्न वर्षांचे एक तपासनीस होते. खर्च कुठे फार वाढला की तिथे जायचं, चार दिवस कागद चाळायचे आणि कुणाचं काय चुकतंय ते लिहून आणायचं, हे काम ते एकवीस वर्षं करत होते. एका दंतवैद्याने एकाच आजोबांच्या नावावर चार कवळ्या लावल्याचं त्यांनीच शोधून काढलं होतं, आणि त्या एका गोष्टीवर ते अजूनही पाहुण्यांत भाव खात.

त्यामुळे एका सोमवारी मॅडमनी बोलावून खर्च कमी झाल्याची तक्रार केली, तेव्हा त्यांना आधी काही उलगडाच होईना.

"कमी झालाय, मॅडम?"

"एक तृतीयांश. दोन वर्षांत."

मॅडम म्हणजे विभागाच्या प्रमुख. त्यांच्या खुर्चीमागे भिंतीवर एक मोठा तक्ता लावलेला होता. त्यावरची निळी रेघ म्हणजे निधीतली शिल्लक. ती वर्षागणिक घसरत घसरत अकराव्या वर्षी तळाला टेकत होती. खोलीत येणारा प्रत्येकजण आधी त्या रेघेकडे बघे, मग मनातल्या मनात आपल्या वयात अकरा मिळवी, आणि मगच बोलायला तोंड उघडी.

"पुलापलीकडचा भाग," मॅडम म्हणाल्या. "बाकी सगळीकडे म्हातारी माणसं वाढताहेत, त्यांच्या गोळ्या वाढताहेत. इथे माणसं आहेत तेवढीच, आणि गोळ्या कमी. याला दोनच कारणं असू शकतात. एक तर लोक मरताहेत, नाहीतर कुणीतरी हातचलाखी करतंय."

"मरताहेत का?"

"तेही नाही ना. मी आकडे मागवले. उलट नेहमीपेक्षा कमीच मेलेत." हे सांगताना मॅडमचा सूर असा होता की जणू त्या लोकांनी मुद्दाम नियम मोडला आहे. "तुम्ही जाऊन या. हातचलाखी असेल तर पकडा. नसेल तर काय आहे ते शोधा, म्हणजे सगळीकडे लागू करता येईल."

तपासनीस संध्याकाळी घरी आले तेव्हा त्यांची आई भिंतीला धरून स्वयंपाकघरात चालली होती. आई एक्याऐंशी वर्षांची. जीभ अजून विशीतली, पण गेल्या पाच-सहा महिन्यांपासून उठलं की तिला गरगरायचं. महिन्यापूर्वी ती कपाटावर आपटली होती आणि कपाळाला टेंगूळ आलं होतं. ते टेंगूळ दाखवून तिने शेजाऱ्यांना सांगितलं होतं की मुलगा मारतो. दोन शेजाऱ्यांनी ते खरं धरलं होतं.

आईला दिवसाला चौदा गोळ्या होत्या. तपासनिसांनी त्यासाठी खिळे-स्क्रू ठेवायचा छोट्या खणांचा एक डबा आणला होता. प्रत्येक खणावर वार आणि वेळ लिहिली होती. दर रविवारी तासभर बसून ते डबा भरत, आणि भरून झाला की दोन पावलं मागे सरून त्याच्याकडे बघत.

"सोमवार रात्र, पाच गोळ्या," ते म्हणाले.

"यातली चक्कर येण्याची कुठली आणि थांबण्याची कुठली, ते सांग," आई म्हणाली. "दोन्ही एकदम घेतल्या तर त्या आपसात काय ते बघून घेतील."

"आई, घे मुकाट्याने."

तिने घेतल्या. त्यातली एक तिने जिभेखाली ठेवली आहे असा त्यांना संशय आला, पण एकवीस वर्षं तपासणी करणाऱ्या माणसालाही आईला तोंड उघड म्हणण्याचा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुलापलीकडे गेले. अरुंद रस्ते, तीन-तीन मजली घरं, खाली दुकानं. दवाखान्यात पंचेचाळिशीचे एक डॉक्टर होते. तपासनिसांनी निधीचं ओळखपत्र दाखवताच डॉक्टरांनी आपोआप शर्टाचं वरचं बटण लावलं.

"तुमच्याकडे पासष्टच्या पुढचे किती पेशंट?"

"अकराशेच्या आसपास."

"दोन वर्षांपूर्वी एकेकाला सरासरी नऊ गोळ्या होत्या. आता सहा आहेत. कशा काय?"

"आम्ही वेळोवेळी आढावा घेतो," डॉक्टर म्हणाले आणि टेबलावरच्या कागदांची चळत उगाच सरळ करू लागले.

"दोन वर्षांपूर्वी घेत नव्हता?"

"घेत होतो. पण आता जास्त वेळोवेळी घेतो."

तपासनीस कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात गेले. दुकानदाराचा चेहरा लिंबू पिळल्यासारखा होता. कुणीतरी एकदाचं विचारायला आलं म्हटल्यावर मात्र तो गल्ला बंद करून पुढे सरसावला.

"धंदा बसला, साहेब. पूर्वी म्हातारी माणसं पिशव्या भरून न्यायची. आता येतात, पाकिटं उलटीपालटी करून बघतात, आणि मलाच विचारतात, ही त्या दुसऱ्या गोळीची बहीण का म्हणून. मी काय वंशावळ घेऊन बसलोय?"

"त्यांना हे शिकवतं कोण?"

दुकानदाराने रस्त्याच्या दोन्ही टोकांना नजर टाकली. "मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी तीन वाजता जोडेवाल्यांच्या दुकानात जाऊन बसा. मी सांगितलं म्हणून सांगू नका. मला इथंच राहायचंय."

त्या दिवशी मंगळवारच होता. जोडेवाल्यांचं दुकान म्हणजे बुटांचं एक जुनं दुकान. मालक थकल्यावर ते सहा वर्षांपूर्वी बंद झालं होतं. पाटी अजून होती. काचेला आतून कागद चिकटवलेले होते. तीनला पाच कमी असताना काठ्या टेकत, चाकांच्या पिशव्या ओढत दहा-बाराजण एकेक करून दार ढकलून आत गेले. प्रत्येकाच्या हातात एक प्लॅस्टिकची पिशवी होती, आणि प्रत्येकाने आत जाण्याआधी मागे वळून बघितलं.

तपासनिसांच्या अंगावर काटा आला. कवळ्यांच्या प्रकरणानंतर पहिल्यांदाच. त्यांनी पाच मिनिटं जाऊ दिली आणि आत शिरले.

दुकानातली रिकामी फडताळं तशीच होती. बूट घालून बघायला असतात ती उतरत्या फळीची बुटकी स्टुलं भिंतीशी रचलेली होती, आणि पाऊल बघण्यासाठीचे तिरके आरसे जमिनीलगत लावलेले होते. मध्ये तीन टेबलं, आणि तिन्ही टेबलांवर रमी चालू होती. प्रत्येकाच्या पुढ्यात सोंगट्यांसारखे ढीग होते. तपासनिसांनी जवळ जाऊन पाहिलं आणि त्यांचे डोळे विस्फारले. ढीग गोळ्यांचे होते. कात्रीने एकेक कापलेल्या, चंदेरी वेष्टणातल्या गोळ्या.

"दोन पित्ताच्या," एक जाडगेले आजोबा म्हणाले आणि दोन चौकोनी तुकडे मध्ये सरकवले.

"माझी एक कोलेस्टेरॉलची," समोरच्या आजी म्हणाल्या. "पाच पित्ताच्या बरोबर एक. मागच्या वेळेसारखं भाव पाडायचं चालणार नाही."

तपासनिसांनी घसा खाकरला. गिऱ्हाइकाचं सोंग घ्यायचं त्यांनी वाटेतच ठरवून ठेवलं होतं. "मला आठ नंबरचे काळे बूट हवे होते," ते म्हणाले.

तिन्ही टेबलांवरचा खेळ थांबला. कोपऱ्यातल्या उंच खुर्चीवर अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक किरकोळ बाई बसल्या होत्या. त्यांनी चष्म्यावरून तपासनिसांकडे पाहिलं, मग खालच्या आरशात त्यांच्या पायांकडे पाहिलं.

"तुमचं पाऊल नऊ नंबरचं आहे," त्या म्हणाल्या. "आणि तुमच्या पिशवीवर निधीचं नाव छापलंय. बसा. चहा घेणार?"

या बाईंनी चाळीस वर्षं मोठ्या इस्पितळाच्या औषध खिडकीमागे काढली होती. सगळे त्यांना कंपाउंडरबाई म्हणत. त्यांची खुर्ची अशा जागी होती की जमिनीलगतच्या आरशांतून खोलीतल्या प्रत्येकाचे घोटे दिसत. कुणाचे सुजले आहेत, कुणाचा पाय ओढतोय, कुणी उठताना तोल सावरतंय, हे त्यांना मान न वळवता कळे.

"हा जुगार आहे," तपासनीस म्हणाले. "निधीच्या औषधांवर."

"निधीची होती," बाई म्हणाल्या. "आता टाकाऊ आहेत. डॉक्टरांनी चिठ्ठीवरून खोडलेल्या. इथे चालू गोळी लावायची परवानगी कुणालाच नाही. या बसड्रायव्हरनी एकदा लावली होती, तर त्यांना महिनाभर पत्त्यांना हात लावू दिला नाही."

जाडगेले आजोबा म्हणजे निवृत्त बसड्रायव्हर. त्यांनी मान खाली घातली.

"पण मग फेकून का देत नाही?"

"साहेब, तुम्ही कधी म्हाताऱ्या माणसाला औषध फेक म्हणून सांगितलंय? पाकीट उशीखाली ठेवतील, तांदळाच्या डब्यात ठेवतील, पण टाकणार नाहीत. फुकट मिळालेलं, वर डॉक्टरांनी दिलेलं. पुन्हा कधी दुखलं तर असू दे म्हणतात, आणि मग रात्री-बेरात्री खाऊन बसतात." त्यांनी टेबलाकडे बोट केलं. "टाकायला कुणी तयार होत नाही. हरायला मात्र एका पायावर तयार. संध्याकाळी सगळा ढीग त्या बरणीत जातो, महिनाअखेरीस औषधवाला तोंड वाकडं करून नष्ट करायला नेतो."

मग त्यांनी कामाची पद्धत सांगितली. नवीन माणूस आला की त्याने आपली पिशवी टेबलावर रिकामी करायची. बाई प्रत्येक पाकीट हातात घेऊन तीन प्रश्न विचारणार. कुणी दिली, कशासाठी दिली, कधीपासून घेता. उत्तरं वहीच्या पानावर उतरवून ते पान डॉक्टरांकडे पाठवायचं. एकच औषध दोन नावांनी चालू असेल तर दोन्हींभोवती लाल गोल. बंद करायचं की नाही, ते डॉक्टरांनी ठरवायचं.

"आणि डॉक्टर ऐकतात?"

"तो सहा वर्षांचा असताना मी त्याला जंताचं औषध पाजलंय," बाई म्हणाल्या. "नाक दाबून. ऐकतो."

तपासनिसांनी वही काढली आणि भराभर लिहायला सुरुवात केली. हातचलाखी नव्हती. उलट इतक्या स्वस्तात इतकं काम त्यांनी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. "बाई, हे वर कळायला हवं," ते म्हणाले. "हे सगळीकडे झालं तर—"

"नको," तिन्ही टेबलांवरून एकदम आवाज आला.

बसड्रायव्हरनी पत्ते पालथे ठेवले. "गेल्या वर्षी आमचा खर्च कमी झाला, तर तुम्ही काय केलंत ठाऊक आहे? आमची व्यायामवाली काढून नेलीत. गुडघ्यांचे, पाठीचे व्यायाम घ्यायला यायची ती. पत्र आलं."

दुकानाच्या मालकांनी, जोडेवाल्या आजोबांनी, फडताळातून पत्र काढून दिलं. 'सदर विभागातील मागणीत झालेली घट लक्षात घेता.' तपासनिसांनी पहिली ओळ वाचली आणि पुढचं त्यांना पाठच आलं. तो मसुदा त्यांचाच होता. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी लिहिलेला. तेव्हापासून कचेरीत फक्त जागेचं नाव बदलून तो जात असे.

"छान लिहिलंय," कंपाउंडरबाई त्यांच्या कानांकडे बघत म्हणाल्या. कान लाल झाले होते. "तर आता आम्ही ठरवलंय. या तिमाहीत सगळ्यांनी नवे चष्मे करायचे. पुढच्या तिमाहीत कवळ्या. खर्च थोडा वर काढायचा. फार नाही, बाकीच्यांच्या बरोबरीला आला की पुरे. म्हणजे कुणाचं लक्ष जाणार नाही."

"पण निधी बुडतोय, बाई. अकरा वर्षांत तळ दिसेल."

बाईंनी बोटांवर मोजलं. "मी तेव्हा एकोणनव्वद. माझं भागेल असं वाटतं. तुम्ही किती वर्षांचे व्हाल?"

तपासनिसांनी मनात बेरीज केली. त्रेसष्ट. पासष्टला दोन कमी.

"तेच म्हणते," बाई म्हणाल्या. "पैसे वाचवायला आमची ना नाही. पण वाचवले की शिक्षा होते, हे लहान पोरालाही दोनदा सांगावं लागत नाही."

तपासनीस उठले, दारापर्यंत गेले आणि परत आले. खिशातून आईच्या गोळ्यांची यादी काढून त्यांनी बाईंपुढे धरली. यादी टाइप केलेली होती, वर तारीख होती.

बाईंनी ती वाचली. वाचताना त्यांचं लाल पेन दोनदा हवेत थांबलं. "गुरुवारी घेऊन या त्यांना," त्या म्हणाल्या. "मला पाय बघायचेत."

आईला पुलापलीकडे न्यायचं म्हणजे एक प्रकरणच होतं. तिने आधी मला कुठे टाकून येणार आहेस असं विचारलं, मग चांगलं नेसल्याशिवाय जाणार नाही म्हणाली, आणि बसमध्ये शेजारच्या बाईला मुलगा जुगाराच्या अड्ड्यावर नेतोय असं हसत सांगितलं. या वेळी ते खरंच होतं.

दुकानात आल्यावर मात्र तिची चाल बदलली. भिंतीचा हात सोडून ती सरळ टेबलापाशी गेली आणि बसड्रायव्हरच्या पत्त्यांत डोकावून "राणी टाका" म्हणाली. समोरच्या आजी राणीचीच वाट बघत होत्या. बसड्रायव्हरचा तो डाव गेला.

कंपाउंडरबाईंनी चौदा पाकिटं एका रांगेत लावली. रविवारचा तो खणांचा डबा तपासनिसांनी मोठ्या ऐटीने बरोबर आणला होता. बाईंनी तो उघडून पाहिला, "सुबक आहे" म्हणाल्या आणि बाजूला ठेवला.

"ही रक्तदाबाची. कुणी दिली?"

"आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी," आई म्हणाली.

"आणि ही?"

"हृदयाच्या डॉक्टरांनी. तेही नाही म्हटलं तरी डॉक्टरच."

"दोन्ही एकच आहेत," बाई म्हणाल्या. "नावं वेगळी. म्हणजे तुम्ही दुप्पट घेताय, म्हणून उठलं की गरगरतं. त्या गरगरण्यासाठी ही तिसरी. पहिलीने पाय सुजले, तर सूज उतरायला ही चौथी. चौथीमुळे रात्री चारदा उठावं लागतं, म्हणून झोपेची ही पाचवी. झोपेच्या गोळीने पोट साफ होत नाही, त्यासाठी ही सहावी. आणि एवढ्या गोळ्या पोटात गेल्या की जळजळतं, म्हणून पित्ताच्या या दोन. त्यादेखील एकमेकींच्या सख्ख्या बहिणी."

तपासनीस त्या रांगेकडे बघत होते. एकवीस वर्षं ते लोकांचे आकडे तपासत आले होते, आणि दर रविवारी तासभर बसून स्वतःच्या हातांनी हा डबा भरत होते. प्रत्येक खणात बरोबर गोळी जाते ना, हे त्यांनी शंभरदा बघितलं होतं. ती का जाते, हे एकदाही विचारलं नव्हतं.

"मी भरायचो," ते हळूच म्हणाले.

"तू नीट भरायचास रे," आई म्हणाली. "मला मोजून द्यायचास. मीच काही थुंकायचे."

बाईंनी मान वर केली. "कुठल्या?"

"पांढरी गोल. ती कडू लागते."

"म्हणून अजून हिंडताय," बाई म्हणाल्या, पण लगेच आवाज चढवून त्यांनी बजावलं की आजपासून मनाने एकही थुंकायची नाही, थुंकायच्या कुठल्या ते डॉक्टर सांगतील. आईने एवढं दटावून घेतलेलं तपासनिसांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

आईच्या डॉक्टरांनी लाल गोलांचं पान बघितलं, कपाळावर हात मारला आणि हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. सहा आठवड्यांत एकेक करत, काही एकदम तर काही अर्धी-पाव करत, पाच गोळ्या गेल्या. सहावीचं पुढे बघू म्हणाले. गरगरणं तिसऱ्या आठवड्यातच थांबलं होतं. आता आई भिंतीला न धरता चाले, आणि शेजाऱ्यांना सांगे की मुलाला औषधांचा खर्च झेपत नाही म्हणून त्याने कमी केल्या.

इकडे अहवालाची तारीख जवळ आली. तपासनिसांनी दोन रात्री विचार केला आणि सगळं खरं लिहिलं. दुकान, आरसे, रमी, गोळ्यांचे भाव, लाल गोल, व्यायामवालीचं पत्र. एकोणीस पानं झाली. मॅडमनी ती त्यांच्यासमोरच वाचली.

"हे पत्ते काढा," त्या म्हणाल्या. "सरकारी अहवालात जुगार कसा येईल?"

"पत्ते काढले तर लोक तिथे का येतात ते कळणार नाही, मॅडम."

"आणि या बाई. यांच्याकडे काही पदवी?"

"चाळीस वर्षं औषध खिडकी."

"म्हणजे नाही. त्यांनाही काढा. त्यांच्या जागी आपण पदवीधर समन्वयक नेमू. बेचाळीस विभाग, बेचाळीस समन्वयक. प्रत्येकाला एक मदतनीस, एक गाडी."

तपासनिसांनी पेन काढून मॅडमच्याच टेबलावरच्या कागदावर गुणाकार केला. उत्तर वाचणाऱ्या पैशांपेक्षा थोडं जास्त आलं. त्यांनी कागद मॅडमकडे फिरवला. मॅडमनी तो पाहिला आणि पालथा ठेवला.

"मग मंत्रालयाला काय कळवायचं?" त्या म्हणाल्या. "काहीतरी कारण लागेल ना. खर्च असाच कमी झाला असं कसं लिहिणार?"

"जनजागृती लिहू या," तपासनीस म्हणाले. असं काही आपण बोलू शकतो हे त्यांनाही त्याच क्षणी कळलं. "ज्येष्ठांमध्ये औषधांविषयी जनजागृती झाल्यामुळे. त्याला पुरावा मागत नाहीत."

मॅडमच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं हसू आलं. एकोणीस पानांची तीन झाली. बुटांचं दुकान गेलं, बाई गेल्या, राणी गेली. सोबत जोडायचं परिशिष्ट मात्र मॅडमनी तपासनिसांवर सोपवलं, कारण परिशिष्ट कुणी वाचत नाही हे त्या कचेरीत शिपायालाही माहीत होतं.

तपासनिसांनी ते आपल्या ठेवणीतल्या भाषेत लिहिलं. 'सदर विभागातील खर्चातील घट टिकून राहणे हे भौतिकोपचार सेवेच्या पूर्ववत उपलब्धतेशी निगडित असल्याचे दिसून येते. सेवा आठवड्यातून दोन दिवस सुरू न केल्यास घट उलटण्याची व चष्मे, कवळ्या इत्यादी बाबींवरील खर्चात आकस्मिक वाढ होण्याची शक्यता नाकारता येत नाही.' शेवटचं वाक्य लिहिताना ते गालातल्या गालात हसले. हे सगळं शब्द न् शब्द खरं होतं, आणि हा धमकीचा निरोप आहे हे जगात फक्त बाराजणांना कळलं असतं. मॅडमनी तिन्ही पानांवर आणि परिशिष्टावर सही केली. सही झाली की कागद आपल्या पायांनी चालतो. अडीच महिन्यांनी पुलापलीकडच्या दवाखान्यात नवी व्यायामवाली रुजू झाली. मंगळवार आणि गुरुवार, दुपारी दोन ते पाच.

पहिल्या मंगळवारी तिच्याकडे कुणीच आलं नाही. दुसऱ्या मंगळवारीही नाही. तिसऱ्या मंगळवारी तिने डॉक्टरांना विचारलं, डॉक्टरांनी खिडकीबाहेर बघत बुटांच्या दुकानाचा पत्ता सांगितला, आणि ती रबरी पट्ट्यांची पिशवी खांद्याला लावून तिथे धडकली.

त्या दिवशी आई चष्मा घरी विसरली होती. ती आता एकटीच बसने येई आणि तपासनिसांनी मागे येऊ नये अशी तिची सक्त ताकीद होती, कारण ते पासष्टच्या आतले होते. पण चष्म्याशिवाय तिला बदाम आणि चौकट यांतला फरक कळेना, म्हणून दुकानातून कचेरीत फोन आला. तपासनीस चष्मा घेऊन पोचले तेव्हा वाटाघाटी चालू होत्या.

"खेळ थांबवून व्यायाम करा," व्यायामवाली म्हणत होती. पंचविशीची, ठाम मुलगी होती.

"पान टाकल्यावर पुढची पाळी येईपर्यंत वेळ असतो," कंपाउंडरबाई म्हणाल्या. "तेवढ्यात करून घे. एका पाळीला एक पाय."

"असं कुठे असतं का?"

"इथे असतं. आणि तूही एक हात खेळायला बस, म्हणजे तुझं ऐकतील."

मुलीने तपासनिसांकडे पाहिलं, जणू या खोलीत शहाणा माणूस हाच असावा. तपासनिसांनी आरशातल्या आपल्या बुटांकडे पाहिलं. ती बसली. तिच्यापुढे दहा पित्ताच्या आणि दोन झोपेच्या गोळ्या मोजून ठेवण्यात आल्या.

"आजी, तुमच्यापासून सुरू करू. उजवा पाय समोर सरळ, आणि दहापर्यंत मोजा."

"माझा गुडघा दुखतो," आई म्हणाली.

"त्यासाठीच आहे हे."

आईने चष्मा लावला, हातातली पानं एकदा नीट जुळवली आणि बसड्रायव्हरना दिसू नयेत म्हणून छातीशी धरली. मग तिने पाय उचलला.

"चार," ती म्हणाली. "पाच. अहो ड्रायव्हर, मान इकडे कशाला, समोर बघा. सहा."